गोधडी कोणी शिवली? : जोयडा तालुक्यातील स्त्री-कलाकार आणि स्वयंसेवकांची संघटना

प्रस्तावना

आपल्या महाविद्यालयांत दरवर्षी ८ मार्चला महिला दिन साजरा होतो. रांगोळी व मेंदीच्या स्पर्धा होतात, जिल्ह्याच्या ठिकाणाहून एखाद्या विदुषी पाहुण्या म्हणून येतात, कर्तबगार स्त्रियांची ठरलेली चार-पाच नावे भाषणांत येतात आणि शाल-श्रीफळ देऊन कार्यक्रम संपतो. यात गैर काही नाही. मात्र महाविद्यालयापासून दहा-वीस किलोमीटरवरच्या वाडीत अशी एखादी बाई राहत असते की तिच्यासारख्या बायांच्या हातचे काम परदेशातील संग्रहालयात मांडले गेले आहे; आणि आपल्या कार्यक्रमाच्या यादीत तिचे नाव नसते, कारण ते आपल्यापैकी कोणाला ठाऊकच नसते.

प्रस्तुत लेखात उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका डोळ्यांसमोर ठेवून एका प्रश्नाचा विचार केला आहे. स्त्रियांच्या कलेचा गौरव करणारी, केवळ स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी आणि वर्षा-दोन वर्षांत विरून न जाणारी संघटना कम्युनिटी कॉलेजच्या अध्यापकांना कशी उभी करता येईल? लेखकाचे मत आरंभीच सांगणे बरे. अशा संघटनेचे पहिले काम सत्कार नाही, प्रदर्शन नाही, विक्रीही नाही. कोणत्या बाईने काय केले याची तिच्या नावानिशी, तिच्या संमतीने नोंद करणे हे पहिले काम होय. बाकी सर्व त्यानंतर येते. हा क्रम उलटा झाला की बहुतेक वेळा कला पुढे जाते आणि बाई मागे राहते, याची उदाहरणे पुढे दिली आहेत.

तालुक्याची ओळख

जोयडा तालुका पूर्वी सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. काळी नदीवरील सुपा धरण १९८७ साली पूर्ण झाले. जुने सुपा गाव जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. विस्थापितांची एक मोठी वसाहत रामनगर येथे झाली. तालुक्याचे क्षेत्रफळ सुमारे १,९०० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार पन्नास हजारांच्या आसपास. म्हणजे एका चौरस किलोमीटरला तीस माणसेही नाहीत. बराचसा भाग जंगलाचा आहे. २००७ साली दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला आणि २०१५ पासून त्याला काळी व्याघ्र प्रकल्प असे नाव आहे. कॅसलरॉक, जगलबेट, कुंभारवाडा, अणशी, उळवी ही नावे वाचकांना परिचित असतील, परंतु खरी वस्ती या गावांभोवतीच्या वाड्यांतून विखुरलेली आहे. पावसाळ्यात काही वाड्यांपर्यंत पोहोचणे ही सोपी गोष्ट नसते.

कुणबी, गवळी-धनगर, सिद्दी, मराठा, मुसलमान, ख्रिस्ती अशी मिश्र वस्ती येथे आहे. घरात कोकणी किंवा मराठी, शाळेत व कचेरीत कन्नड, बाजारात सर्वांचे मिश्रण असा भाषेचा व्यवहार आहे. कुणबी बायांच्या फुगड्या व गाणी, लग्नातील गाणी, जमिनीवरील व भिंतीवरील रेखाटने, आणि गोधडी ही येथील स्त्रियांची कला. यापैकी गोधडीविषयी सविस्तर लिहितो, कारण तिच्या निमित्ताने नोंदीचा प्रश्न सर्वांत स्पष्ट दिसतो.

सिद्दी स्त्रियांची कवंदी

सिद्दी समाजाचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून भारतात आले. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी व इतर व्यापाऱ्यांनी अनेकांना गुलाम म्हणून गोव्यात व पश्चिम किनाऱ्यावर आणले. त्यांतील कित्येक जण निसटून घाटावरच्या जंगलात येऊन राहिले. आज उत्तर कन्नडात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला, शिरसी व जोयडा या तालुक्यांत त्यांची वस्ती आहे. त्यांत हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत, तरी सिद्दी म्हणून असलेली ओळख तिघांची एक आहे. २००३ साली या जिल्ह्यातील सिद्दींचा समावेश अनुसूचित जमातींच्या यादीत झाला.

सिद्दी बाया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून जी गोधडी शिवतात तिला कवंदी किंवा कवांदी म्हणतात. कानडीतला कौदी हा शब्दही त्याच घराण्यातला. आपल्याकडे देशावर गोधडी किंवा वाकळ शिवताना प्रथम जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक अंथरतात आणि मग दोघी-तिघी बसून समांतर दोरे घालतात. सिद्दी पद्धत वेगळी आहे. खाली एका जुन्या साडीचे अस्तर पसरतात. एका कोपऱ्यापासून काठाकाठाने तुकडे लावायला सुरुवात होते. प्रत्येक तुकड्याची कड आत मुडपायची, तो शेजारच्या तुकड्यावर थोडा चढवायचा आणि धावदोरा घालत पुढे जायचे. चारही काठ पूर्ण झाले की आतली दुसरी फेरी, मग तिसरी, असे करत मध्यभागी पोहोचायचे. म्हणजे तुकडे जोडणे आणि थर शिवणे ही दोन कामे वेगवेगळी होतच नाहीत. एकाच दोऱ्यात दोन्ही उरकतात. आधी आराखडा काढलेला नसतो. हाताशी कोणता रंग आहे आणि शेजारी कोणता बसला आहे हे पाहून पुढचा तुकडा ठरतो. शिवणकलेच्या अध्यापिकांनी हे एकदा स्वतः करून पाहावे. मध्यभागी येईपर्यंत कापड सुरकुतू न देणे हे किती अवघड आहे ते चटकन कळते.

चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणजे फुले म्हणतात. ती लावल्याशिवाय गोधडी पुरी झाली असे मानत नाहीत. फुले नसलेली गोधडी त्यांच्या लेखी उघडी. मुसलमान घरांतील गोधड्यांवर कधी चंद्रकोर दिसते, ख्रिस्ती घरांतील गोधड्यांवर क्रूस दिसतो. बाळासाठी लहान गोधडी, कुटुंबासाठी मोठी, आणि मोठीचा आकार तिच्याखाली किती मुले निजतील यावर. म्हातारपणी नजर अधू झाली की तुकडे मोठे होतात, टाकेही मोठे होतात. त्यामुळे ज्यांना वाचता येते त्यांना गोधडीवरून शिवणारीचे वयही काही अंशी कळते. गावातल्या बाया तर दुरून पाहूनच ही कोणाच्या हातची ते सांगतात.

हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. गोधडी निनावी नसते. वाडीत तिला नाव असते. ती वाडीबाहेर पडली की निनावी होते.

नाव कोठे गळते

गेल्या वीस वर्षांत या गोधड्या जगापुढे आल्या. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कला-इतिहासाचे प्राध्यापक हेन्री ड्रुअल यांनी २००४ पासून या भागात येऊन सिद्दी स्त्रियांच्या गोधड्यांचा अभ्यास केला. त्यांच्या प्रयत्नांतून सिद्दी स्त्रियांची गोधडी सहकारी संस्था उभी राहिली आणि २०११ साली न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात या गोधड्यांचे प्रदर्शन भरले. हे काम निःसंशय मोलाचे आहे. बाहेरून आलेल्या अभ्यासकाला जे दिसले ते शेजारच्या महाविद्यालयांना दिसले नव्हते, एवढे मान्य करायला हरकत नसावी.

परंतु प्रसिद्धी मिळाल्यावर दुसरी एक गोष्ट होते. ‘सिद्दी गोधडी’ हा एक प्रकार म्हणून ओळखला जाऊ लागतो. दुकानात, जत्रेत, पर्यटकांच्या निवासात ती ‘सिद्दी गोधडी’ म्हणून विकली जाते, आणि विकत घेणाऱ्याला समाजाचे नाव कळते, बाईचे कळत नाही. चित्रकाराचे चित्र विकत घेताना आपण कधी ‘पुणेकर चित्र’ असे म्हणत नाही. बायांच्या कामाबाबत मात्र जमातीचे नाव पुरेसे वाटते, यामागे एक समजूत आहे की असे काम सगळ्याच बाया करतात, त्यात कोणा एकीचे असे काही नसते. गोधडीच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे हे वर पाहिलेच.

महाराष्ट्रात याचे मोठे उदाहरण वारली चित्रकलेचे आहे. लग्नाच्या वेळी घरातील भिंतीवर चौक लिहिण्याचे काम परंपरेने सवाष्ण बायांचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या भागात गेले, जिव्या सोमा मशे यांची चित्रे त्यांनी पाहिली, आणि पुढे मशे यांच्या नावाने ही कला जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मशे हे मोठे कलावंत होते; विधीच्या चौकटीबाहेर ते स्वतःच्या आनंदासाठी चित्रे काढीत. त्यांचा मान त्यांना मिळाला हे योग्यच झाले. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायांपैकी किती जणींची नावे आपल्याला सांगता येतील? बिहारमध्ये मिथिला चित्रांच्या बाबतीत असे झाले नाही. जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी, महासुंदरी देवी ही नावे कलाप्रेमींना माहीत आहेत आणि चौघींनाही पद्मश्री मिळाली. तेथे कागदावरील चित्रे बायांच्या स्वतःच्या नावाने बाहेर पडू लागली हे त्याचे एक कारण. विशेष म्हणजे वारली भागात जाण्यापूर्वी भास्कर कुलकर्णी यांनी मिथिलेतही काम केले होते. म्हणजे माणूस तोच, दोन ठिकाणची फलश्रुती वेगळी.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची एक वस्ती आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांचे वंशज तेथे राहतात आणि तेथील बायाही जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात. १९६६ साली नागरी हक्कांच्या चळवळीतून त्या भागात फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था निघाली. २००२ साली त्यांच्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत प्रत्येकीच्या नावासह लागल्या, २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटेही निघाली. तरीही २००७ साली काही बायांनी न्यायालयात धाव घेतली; आपल्या गोधड्यांच्या व त्यांवरील नक्षीच्या वापरातून झालेल्या कमाईचा वाटा आपल्याला मिळाला नाही असे त्यांचे म्हणणे होते. २००८ साली ही प्रकरणे मिटली. यातून एवढे घ्यावे की नाव लागणे आवश्यक आहे, पण कशाला संमती दिली आणि कशाला नाही हेही नावासोबत लिहिलेले असावे लागते.

ओव्यांच्या संग्रहाचा धडा

असे काम स्वयंसेवकांकडून होऊ शकते काय, या शंकेला महाराष्ट्रातच उत्तर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी पुण्यातील आपल्या संशोधन केंद्रामार्फत जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह केला, त्यात हजारावर गावांतील तीन हजारांहून अधिक बायांनी गायिलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. पॉइतवँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली निवर्तल्या. त्यानंतरही काम थांबले नाही. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयातून लोकांपुढे येत आहे.

आकड्यांपेक्षा त्यांची पद्धत आपल्या उपयोगाची आहे. ओव्या गोळा करणारे लोक विद्यापीठातून उतरलेले नव्हते. पुणे जिल्ह्यातील डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटना काम करीत होती, तिच्या सभांना येणाऱ्या बायांनीच आपापल्या गावातील बायांकडून ओव्या मिळवल्या. म्हणजे विश्वास आधीच होता, संग्रह नंतर झाला. आणि प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव व गाव नोंदले गेले. जाते घराघरांतून गेले, पिठाची गिरणी आली. ओवी म्हणण्याचे निमित्तच संपले. आज त्या गाणाऱ्या बायांच्या नाती-पणतींना आजीचे नाव आणि कित्येकींना तिचा आवाजही मिळतो, तो त्या नोंदीमुळे. ओवी ही ‘लोकांची’ म्हणून सोडून दिली असती तर हे झाले नसते.

स्वयंसेवक कोण आणि त्यांनी करायचे काय

आता जोयड्याकडे येऊ. येथे एखादे महाविद्यालय अशी संघटना सुरू करू म्हटले तर पहिला मोह राष्ट्रीय सेवा योजनेचा होतो. विद्यार्थी तयार असतात, दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, सात दिवसांचे शिबिर असते. या व्यवस्थेचा उपयोग जरूर करावा, मात्र तिच्यावर संघटना उभी करू नये. तास भरले, प्रमाणपत्र मिळाले की विद्यार्थी जातो. शिबिरातले चाळीस जण एका वाडीत एकाच दिवशी उतरले तर बायांचा तो दिवस पाहुण्यांचा चहा करण्यात जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते वाडीमागे दोन स्वयंसेवक पुरेत आणि त्यांपैकी एक त्याच वाडीतली असावी. सून, लेक, अंगणवाडीच्या ताई, स्त्रीशक्ती संघाची हिशेब लिहिणारी, कोणीही. दुसरी व्यक्ती महाविद्यालयातली. घरात जाऊन बसावे लागते म्हणून ती शक्यतो मुलगी असावी. मुलांना ने-आण, छायाचित्रांची छपाई, वह्यांच्या प्रती, प्रदर्शनाचे खांब-दोऱ्या अशी कामे भरपूर आहेत, आणि ती कमी दर्जाची नाहीत हे त्यांना आरंभीच सांगावे.

काम लहान आणि ठरलेले असावे. ‘समाजात जागृती करणे’ हे काम कोणालाच करता येत नाही, म्हणून ते कोणी करत नाही. ‘महिन्यातून एकदा अमुक वाडीत जाऊन दोन घरांतील गोधड्यांची नोंद आणणे’ हे काम करता येते आणि झाले की नाही तेही कळते. वेळ बायांच्या सोयीने ठरवावी. पावसाळ्यात शेतीची घाई असते, रोजे असतील तर दुपारी जाऊ नये, जत्रा व लग्नसराई सांभाळावी. गोधडीचे काम कोरड्या दिवसांत चालते, तेव्हा बाया अंगणात एकत्र बसतात. जायचे तर तेव्हाच. आणि नुसते बघत बसू नये, सुई हातात घ्यावी. सुई घेतलेल्या मुलीशी बाया वेगळे बोलतात.

हाक कशी मारायची हेही विचारून घ्यावे. कोणाला मावशी आवडते, कोणाला काकी, मुसलमान घरांत खाला किंवा चाची. ‘मॅडम’ म्हणू नये आणि ‘लाभार्थी’ तर कागदावरसुद्धा लिहू नये.

नोंदवही कशी असावी यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण संघटनेचा कणा तीच आहे. प्रत्येक गोधडीला एक पान. शिवणारीचे नाव ती स्वतः सांगेल तसे लिहावे. पुष्कळदा घरातील पुरुष पुढे येऊन ‘अमक्याची बायको’ किंवा ‘अमक्याची आई’ असे सांगतो. थांबून तिलाच विचारावे. माहेर व सासर दोन्ही लिहावे, कारण कोणी आईकडून शिकलेली असते, कोणी आजीकडून, कोणी सासरी आल्यावर, आणि काठाची किंवा कोपऱ्याच्या फुलांची धाटणी कोठून आली ते यावरून कळते. कोणाबरोबर बसून शिवली, तेही लिहावे. एका गोधडीला तिघींचे हात लागले असतील तर तिघींची नावे. कापड कोणाचे होते? नवऱ्याचा सदरा, मुलीचा शाळेचा गणवेश, वारलेल्या सासूची साडी, शिंप्याकडच्या चिंध्या. ही माहिती बाया आपण होऊन सांगतात आणि पानातला सर्वांत वाचनीय भाग हाच होतो. गोधडी कोणासाठी केली, वापरात आहे का, विकायची आहे का. छायाचित्र पूर्ण गोधडीचे, एक कोपऱ्याचे, आणि तिची हरकत नसेल तरच तिचे. काही घरांत बाईने छायाचित्र नको म्हटले तर हातांचेही काढू नये. नाव पुरेसे आहे. शेवटी संमतीच्या तीन वेगळ्या ओळी : वहीत ठेवण्यास, प्रदर्शनात मांडण्यास, छापण्यास. तिन्हींना एकच अंगठा घेऊ नये. वही कन्नड आणि देवनागरी दोन्ही लिपींत लिहावी, कारण तिच्या मुलांना कन्नड लिपी येते आणि घरातली बोली देवनागरीत अधिक नीट उतरते.

गाण्यांची नोंद करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९९४ च्या दुरुस्तीनंतर, गाणाऱ्या किंवा नाचणाऱ्या व्यक्तीला कलाकार म्हणून स्वतंत्र हक्क आहेत. गाणे परंपरागत असले तरी तिच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण तिच्या संमतीशिवाय करता येत नाही. त्याच कायद्यात हस्तकौशल्याच्या कलाकृतीचाही कलाकृती म्हणून समावेश आहे. मोबाइलवर सहज घेतलेले चित्रण सायंकाळपर्यंत कोठे पोहोचलेले असते हे आपण सर्व जाणतो. म्हणून स्वयंसेवकांना पहिला धडा सुईचा द्यावा, दुसरा या कायद्याचा.

गौरवाचा कार्यक्रम

पन्नास-साठ पाने झाली की प्रदर्शनाचा विचार करावा, त्याआधी नको. प्रदर्शन महाविद्यालयाच्या सभागृहात घेण्याऐवजी प्रथम वाडीत किंवा बाजारच्या गावी घ्यावे. जोयड्यात कुणबी शेतकऱ्यांचा कंदमुळांचा मेळा भरतो. घरोघरी जपलेले कंद बाया-पुरुष तेथे मांडतात, बाहेरचे लोक येऊन पाहतात, विचारतात, विकत घेतात. ज्ञान ज्याच्याजवळ आहे तोच मांडणीपाशी उभा, ही तेथली रीत गोधडीलाही लागू पडते. दोरीवर गोधडी, तिच्याखाली ठळक अक्षरांत शिवणारीचे नाव, आणि शेजारी ती स्वतः. पाहुण्यांनी तिच्याकडे यावे. स्पर्धा व क्रमांक ठेवू नयेत. परीक्षक कोण आणि कोणत्या कसोटीने? सरळ टाका हा निकष लावला तर अधू नजरेच्या आजीची सर्वांत धाडसी गोधडी शेवटच्या क्रमांकावर जाईल.

शालीविषयी एक शब्द. जी बाई आयुष्यभर लोकांसाठी पांघरुणे शिवते तिला बाजारची शाल पांघरून तिचा गौरव होतो, यातला विनोद आपल्या लक्षात यायला हवा. प्रात्यक्षिकासाठी बोलावले तर दिवसाचे मानधन व प्रवासखर्च रोख द्यावा, आणि मानधन पाहुण्या वक्त्याइतकेच असावे. स्वयंसेवक विनामोबदला काम करतात म्हणून कलाकारानेही करावे असा अर्थ होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत आपल्या संस्थांत वारंवार होते.

आपल्या जिल्ह्यातील गिरिजा सिद्दी या नीनासम येथे शिक्षण घेतलेल्या रंगकर्मी व गायिका आहेत. व्यासपीठावरच्या वक्त्या हव्या असतील तर अशा स्त्रिया जवळच आहेत.

विक्री, आणि तिची मर्यादा

प्रदर्शन झाले की ‘किती गोधड्या मिळतील?’ हा प्रश्न येतोच. येथे अध्यापकांनी सावध असावे. घरची मोठी गोधडी हाताने शिवायला फार वेळ लागतो, शेती-मजुरी सांभाळून तर महिने जातात. शिवाय ती जुन्या कपड्यांवर अवलंबून आहे आणि जुने कपडे मागणीप्रमाणे वाढत नाहीत. मोठी मागणी आली की नवे कापड आणावे लागते, मग ठरलेले माप, ठरलेले रंग, ठरलेली तारीख, आणि बाई स्वतःच्या अंगणात मजूर होते. विक्री वाईट नाही. ज्या घरात रोख पैसा क्वचित येतो तेथे गोधडीचे पैसे बाईच्या हातात येणे ही मोठी गोष्ट आहे. पण किंमत तिने ठरवावी, ती नोंदवहीच्या पानावर लिहावी, आणि गोधडीसोबत तिच्या नावाची चिठ्ठी जावी. घरच्या वापराची, आठवणीच्या कापडांची गोधडी कोणी कितीही पैसे देऊ केले तरी ‘विकायची नाही’ असे तिने सांगितल्यावर स्वयंसेवकाने पुन्हा विचारू नये. केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाचे हस्तकला कारागिरांसाठीचे ‘पहचान’ ओळखपत्र २०१६ पासून दिले जाते. ते काढून देण्याचे काम मात्र स्वयंसेवकांनी अवश्य करावे. अर्ज भरणे, कागद जमवणे हे महाविद्यालयीन मुलांना सहज जमते.

अध्यापनाशी सांगड

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली तेव्हा स्थानिक गरजा आणि स्थानिक कौशल्ये यांच्याशी शिक्षण जोडणे हा तिचा हेतू होता. शिवणकाम, फॅशन, पर्यटन, छायाचित्रण, संगणक, हिशेब यांपैकी बहुतेक अभ्यासक्रमांना या नोंदवहीचे काम प्रकल्प म्हणून देता येते. शिवणकामाच्या वर्गात सिद्दी पद्धतीचा हातभर नमुना करायला सांगावा, आणि शिकवायला वाडीतील बाईलाच बोलवावे. हजेरीपटावर तिचे नाव अतिथी अध्यापिका म्हणून लागावे. पर्यटनाच्या विद्यार्थ्यांनी दांडेली-जोयडा भागातील निवासस्थानांत लागलेल्या गोधड्यांची पाहणी करून कोणती कोणाच्या हातची याचा शोध घ्यावा. बायांना गोधडी ओळखता येते हे लक्षात घेता हा शोध वाटतो तितका कठीण नाही.

जगात अशी कामे अन्य मार्गांनीही चालू आहेत. २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये ‘आर्ट प्लस फेमिनिझम’ हा उपक्रम सुरू झाला. स्वयंसेवक एकत्र बसतात आणि विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात स्त्री-कलाकारांवरील लेखांची उणीव भरून काढतात. मराठी विकिपीडियाही २००३ पासून आहे. मात्र ज्ञानकोशाला छापील आधार लागतो आणि वाडीतील बाईविषयी छापलेले काहीच नसते. म्हणून आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिकात किंवा शोधपत्रिकेत, तिची छापण्यास संमती असेल तर, वहीतील काही पाने जशीच्या तशी छापावीत. कोणी अभ्यासक पुढे आला तर त्याला निदान सुरुवात मिळेल.

वही कोणाची

शेवटचा मुद्दा व्यवहाराचा आहे. अशी कामे एका उत्साही अध्यापकावर चालतात. त्याची बदली झाली की कपाटाला कुलूप लागते आणि पुढच्या तपासणीच्या वेळी वाळवी लागलेला गठ्ठा बाहेर निघतो. म्हणून प्रत्येक पानाच्या तीन प्रती पहिल्या दिवसापासून कराव्यात. एक बाईच्या घरी, तिच्या छायाचित्रासह, प्लास्टिकच्या पाकिटात. एक वाडीतील स्त्रीशक्ती संघाच्या पेटीत. तिसरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल क्रमांक घालून, पुस्तकासारखी. वर्षातून एकदा, गोधड्यांचे दिवस सुरू होण्याआधी, तिन्ही प्रती वाडीत एकत्र आणून मोठ्याने वाचाव्यात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आपल्याविषयी काय लिहिले आहे ते ऐकू येईल, चूक असेल तर त्या सांगतील, आणि ज्यांनी संमती दिली होती त्यांना ती मागे घेता येईल. एखादी बाई वारली असेल तर तिचे पान काढू नये. तिची गोधडी आता कोण पांघरते तेवढे खाली लिहावे.